कर्जतचा धक्का

बाबांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. यंदा मार्चमध्ये मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आल्यावर, टेबलावरचा चहाचा कप चाचपत हातात घेत ते म्हणाले, "एकदा मुंबईला जाऊन येऊ. जाताना कशानेही ने. येताना मात्र क्वीनने आण."

काचबिंदूने त्यांचा डावा डोळा पूर्ण गेला आहे. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार आणि माणसांच्या आकृती कळतात, तेवढंच. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला हौसेने घाटातून आणायचं आणि त्याला घाट दिसणार नाही, हे माझ्या मनात आलं. ते माझ्या आवाजात उतरलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "अगं, बघायला कोण चाललंय? मी पंचवीस वर्षं डोळे मिटूनच आलोय."

हे अगदी खरं होतं. १९७४ ते १९९९ बाबांनी पुणे-मुंबई अप-डाऊन केलं. आम्ही रास्ता पेठेत राहायचो. आईचा स्टोव्ह पहाटे साडेचारला पेटायचा आणि सव्वासहाच्या सुमाराला बाबा डबा घेऊन स्टेशनकडे चालायला लागायचे. सव्वासातची डेक्कन क्वीन, साडेदहापर्यंत व्हीटी, तिथून चालत फोर्टमधलं ऑफिस. संध्याकाळी सव्वापाचच्या आत पुन्हा गाडीत. रात्री नऊला जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई भाताखाली गॅस लावायची. लोक विचारायचे, मुंबईत खोली का घेत नाही? बाबा म्हणायचे, रात्रीचा भात घरी जेवायचा असतो.

जाताना ते पेपर वाचायचे, पत्ते खेळायचे. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी ठेवली की टेबल तयार. येताना मात्र कल्याण गेलं की डोळे मिटायचे. झोपायचे असं नाही. ते ऐकत असायचे. गाडी कुठे आली हे त्यांना रुळांच्या आवाजावरून, वाऱ्यावरून, वासावरून कळायचं. मी बारा वर्षांची असताना ते मला मुंबईला घेऊन गेले होते आणि येताना त्यांनी माझेही डोळे मिटायला लावले. कल्याणला नाशिकची वाट सोडून गाडी उजवीकडे वळते, ते अंगाला कळतं. बदलापूर गेलं की दोन्ही बाजूंची घरं विरळ होतात आणि आवाज पसरतो. नेरळला हवा बदलते. आणि मग कर्जत. "आता काही बोलू नकोस," ते म्हणाले. "फक्त बस."

गाडी उभी होती. फलाटावर वडेवाल्यांचा गलका चालला होता. तेवढ्यात मागून काहीतरी आलं. बैलाने हळूच येऊन पाठीला कपाळ टेकवावं, तसं. अख्खा डबा किंचित पुढे सरकला, पुन्हा मागे आला आणि स्थिर झाला.

"लागला," बाबा म्हणाले.

लागला म्हणजे बँकर लागला. पुण्या-मुंबईच्या पासहोल्डरांना हा शब्द माहीत असतो, बाकीच्यांनी तो क्वचितच ऐकलेला असतो. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडीला सह्याद्री चढायचा असतो. काही ठिकाणी चढ असा आहे की ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावरच्या माणसाला हे विशेष वाटणार नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घेऊन शेकडो टनांची गाडी चढवायची म्हणजे भारतातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक काम आहे. एकट्या पुढच्या इंजिनाला ते पेलत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं, म्हणजेच बँकर, जोडतात, ती घाटभर गाडीला मागून रेटतात आणि वर आल्यावर सुटी होतात. मग पुढच्या गाडीसाठी परत खाली.

मी तेव्हा विचारलं होतं, सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? बाबांनी तिकिटाच्या मागे पेन्सिलीने चित्र काढून दाखवलं. सगळा भार पुढून ओढला तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर भयंकर ताण येतो. चढावर एखादं कपलिंग तुटलं तर मागचे डबे उलटे खाली सुटतील. मागून कोणीतरी हात लावून धरलेला असला की ती भीती नाही. त्या तिकिटाचा तुकडा माझ्याकडे बरीच वर्षं होता.

पुण्यात डेक्कन क्वीनचं कौतुक पुष्कळ होतं आणि ते व्हावंच. १ जून १९३० ला ती सुरू झाली, आधी कल्याण ते पुणे अशी आणि फक्त शनिवार-रविवारच्या शौकिनांसाठी. त्याच्या आदल्या वर्षीच घाटातून पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या होत्या, त्यामुळे ही राणी जन्मापासून विजेवर धावली. दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस होतो, इंजिनाला हार घालतात, केक कापतात. तिला जेवणाचा डबा आहे, टेबल-खुर्च्या मांडलेला, जिथे कटलेट आणि चीज टोस्ट खात माणूस घाट चढतो. पण मला वाटतं, या मार्गाचा जीव गाडीत नाही, घाटात आहे. घाट नसता तर पुणे-मुंबई हा १९२ किलोमीटरचा साधा प्रवास झाला असता. कर्जतला एवढ्या गाड्या थांबल्या नसत्या, आणि कर्जतचा वडाही एवढा नावाजला नसता. इंजिन लागेपर्यंतची ती चार-पाच मिनिटं मिळाली, म्हणून दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर गेला. पातळ कागदात गुंडाळलेले गरम वडे, कोरडी लाल चटणी. बाबांचा नियम ठरलेला होता: धक्का बसेपर्यंत फलाटावर, धक्का बसला की डब्यात.

मोठी झाल्यावर मी या घाटाविषयी जमेल ते वाचलं. जितकं वाचलं तितकं खिडकीबाहेर बघणं अवघड होत गेलं. पुणे ते खंडाळा रेल्वे १४ जून १८५८ ला सुरू झाली. पलीकडे खोपोलीपर्यंत ती त्याआधी दोन वर्षं आली होती. मधला घाट पाच वर्षं तसाच होता. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. आजची खोपोली लोकल ज्या रुळावरून जाते, तो त्या काळचाच फाटा. जेम्स बर्कली या इंजिनिअरने घाटाची आखणी केली. १८५६ मध्ये काम सुरू झालं. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला आणि त्या कंत्राटदाराने पुढे काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. दोन इंजिनिअर हाताशी धरून तिने ते पुरं करून घेतलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर, परक्या मुलुखात, पटकी पसरलेल्या डोंगरात. तिच्या नावाने घाटात काही आहे का, हे मी दर वेळी शोधते.

१८६१ च्या सुरुवातीला या एका घाटावर ४२ हजारांहून जास्त माणसं राबत होती. २५ बोगदे खोदले. दोरखंडाला लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोकं पाडली. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्या ४२ हजारांतलं एकही नाव मला कुठे सापडलेलं नाही. जुन्या घाटरस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. गोऱ्या साहेबाला घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मारून टाकलं, अशी गोष्ट आमच्या भागात सांगतात. ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतो, लोक नाणं टाकतात. गोष्ट खरी की खोटी याची शहानिशा मी करत बसत नाही. ज्याने वाट काढली त्याचं देणं राहिलं आहे, एवढं लोकांनी लक्षात ठेवलं.

उतरताना घाटाची काळजी वेगळी. मुख्य रुळाला ठरावीक ठिकाणी फुटलेला, डोंगराकडे चढत जाऊन संपणारा एक आंधळा रूळ असतो. त्याला कॅच साइडिंग म्हणतात. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी, यासाठी ती सोय. पुण्याहून मुंबईला जाताना उजवीकडे-डावीकडे धबधबे शोधणाऱ्या पोरांना मी ते रूळ दाखवते. धबधब्यापेक्षा पोरं त्यातच जास्त रमतात, असा माझा अनुभव आहे.

लग्नानंतर मी चिंचवडला आले आणि २००४ ते २०११ माझंही अप-डाऊन झालं. माझी गाडी सिंहगड. क्वीनवर लेख येतात, सिंहगडवर कोणी लिहीत नाही. पिंपरी-चिंचवडची, खडकी-तळेगावची नोकरदार माणसं ही गाडी भरून मुंबईला जातात आणि रात्री दहाला घरी परततात. लेडीज डब्यात आमच्या जागा ठरलेल्या होत्या, पण गरोदर बाई आली की न सांगता खिडकी रिकामी व्हायची. जाताना झोप, येताना कामं. नेरळपर्यंत मेथी निवडून व्हायची, कर्जतपर्यंत मटार सोलून. संक्रांतीला डब्यात हळदीकुंकू, खंडेनवमीला दाराला आंब्याचं तोरण. एकीच्या मुलीचं लग्न डब्यातल्याच दुसरीच्या भाच्याशी ठरलं, त्याची बोलणी कामशेत ते देहूरोडमध्ये झाली. एक्स्प्रेस-वे २००२ मध्ये पुरा झाला तेव्हा सगळे म्हणत होते, आता रेल्वे ओस पडणार. आमच्या डब्यात उभं राहायलाही जागा मिळत नव्हती.

एका ऑगस्टमधली रात्र मला पुरती लक्षात आहे. ठाकुरवाडी सोडल्यावर गाडी थांबली. रात्रीचे साडेआठ झाले असतील. बाहेर पाऊस असा, की खिडकीतून हात काढला तर बोटं दिसत नव्हती. मोबाइलला रेंज नाही. अर्धा तास गेला, तास गेला. कोणाची मुलं शेजाऱ्यांकडे होती, कोणाची सासू एकटी. डब्यात हळूहळू बोलणं थांबलं. मग दाराशी उजेड हलला. रुळाच्या कडेने एक माणूस चालत येत होता. रेनकोट, त्यावर डोक्याला प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काठी. गँगमन. आम्ही दाराशी गर्दी करून विचारलं.

"बारका दगुड आलाय म्होरं. काढत्यात. निघंल गाडी," तो म्हणाला. आवाजात घाई नव्हती, भीतीही नव्हती.

आमच्यातल्या एका काकूंनी डबा उघडला. सकाळची एक पोळी उरली होती, तीत त्यांनी शेंगदाण्याची चटणी घातली, गुंडाळी केली आणि खाली वाकून पुढे धरली. त्याने हात मागे घेतला. "वल्ला हाय हात." काकूंनी ती पिशवीत घालून दिली. त्याने रेनकोटाची वरची दोन बटणं काढली, पिशवी छातीशी सरकवली, पुन्हा बटणं लावली. निघाला आणि दोन पावलांवर थांबला. जरा संकोचून म्हणाला, "मागं अजून दोगं हायत संगं."

मग डबे निघाले. अर्धी भाकरी, लिंबाचं लोणचं, एकीच्या मुलासाठी घेतलेला केक, मटाराची उसळ. सगळं एका मोठ्या पिशवीत बांधून दिलं. तो अंधारात गेला, टॉर्चचा ठिपका वळणापर्यंत दिसला. पावणेअकराच्या सुमाराला गाडी हलली. मागचे बँकर रेटायला लागले तेव्हा कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी मोरया म्हटलं. पुढच्या वळणावर रुळाच्या कडेला ती तिघं उभी होती, पाठ डोंगराला लावून. एकाचं तोंड हलत होतं.

मध्य रेल्वेकडे या घाटासाठी हिल गँग असते. पावसाळ्याच्या आधी ही माणसं कडे चढून सुटत आलेले दगड हुडकतात आणि गाडी नसताना स्वतःच खाली पाडतात, म्हणजे नंतर ते गाडीवर पडू नयेत. पावसाळ्यात धोक्याच्या जागी चोवीस तास पहारा असतो. एवढं करूनही डोंगर कधी ऐकत नाही. २०१९ च्या पावसाने मंकी हिल ते कर्जत या टप्प्याचं असं नुकसान केलं की पुण्या-मुंबईच्या गाड्या कितीतरी दिवस रद्द होत्या. त्या दिवसांत पुण्यातली माणसं गाड्या बंद म्हणून हळहळत होती, आणि त्यात मीही होते. पण त्याच वेळी उभ्या पावसात, दरीच्या काठावर, कोणीतरी रूळ पुन्हा उभे करत होतं. वर्तमानपत्रात मी रोज आधी तीच बातमी शोधायचे.

तर मार्चमध्ये आम्ही गेलो. येताना सीएसएमटीला पाच वाजता बाबांना घेऊन फलाटावर उभी राहिले. गाडी लागली तशी त्यांनी तळवा डब्याच्या अंगाला लावला. २०२२ पासून क्वीनला नवे डबे आहेत, त्यांच्या वेळचे नाहीत. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले. मी मुद्दाम शेवटाकडचा, साधा, उघडणाऱ्या खिडक्यांचा डबा घेतला होता. शेजारी एक तरुण मुलगा कानाला हेडफोन लावून बसला होता. बाबांनी त्याला विचारलं, पास आहे का? तो म्हणाला, हो काका, आठवड्यातून तीनदा. बाबांनी मान हलवली, दोन सहकारी भेटल्यासारखी.

कल्याणपर्यंत ते बोलत होते. कोणाची जागा कुठे होती, रमीत कोण हरायचं, कोण कधी गेलं. पत्त्यांच्या चौकडीतले तिघे आता नाहीत. कल्याणनंतर त्यांनी डोळे मिटले. बदलापूर आता संपतच नाही, इमारती नेरळपर्यंत पोचल्या आहेत. मला वाटलं त्यांचा अंदाज चुकेल. वांगणी गेल्यावर ते म्हणाले, "इथे पूर्वी वारा यायचा." थोड्या वेळाने म्हणाले, "हं, नेरळ." बरोबर होतं.

कर्जतला मी वडे घेऊन धावत परत आले. बाहेर उजेड उतरत होता. बाबा दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ताठ बसले होते. त्या मुलाने हेडफोन काढून मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी ओठांवर बोट ठेवलं. तोही थांबला.

धक्का आला. नव्या डब्यांना तो जरा जास्तच बसतो.

"लागला," बाबा म्हणाले आणि वड्यासाठी हात पुढे केला.

पळसदरीनंतर गाडीचा आवाज खोल गेला. ते बोगदे मोजत होते, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. बोगद्यात शिरलो की उजव्या डोळ्यावर अंधार यायचा, बाहेर पडलो की उजेड, तेवढं त्यांना कळत होतं. मंकी हिलच्या पुढे खालच्या गावांचे दिवे लागलेले दिसले. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता.

लोणावळ्याला गाडी थांबली, निघाली. गार हवा आत आली. "सुटला का बघ," ते म्हणाले. "लागताना कळतो, सुटताना कधी कळत नाही."

मी दाराशी गेले. वाकून मागे पाहिलं. फलाटाच्या टोकाला इंजिनं उभी होती, आमच्या गाडीपासून वेगळी, आणि मधलं अंतर वाढत होतं. त्यातल्या एकाच्या दारात एक माणूस रेलून पाणी पीत होता.

जागेवर येऊन मी सांगितलं, "बाबा, सुटला."

"बरं," ते म्हणाले. डब्यात चिक्कीवाला आला होता. "आईला शेंगदाण्याची नको, दाताला लागते. तिळाची घे. आणि पातळ आहे का बघ."